टॅब्लो: लॅपटॉपवर झकास, सर्व्हरवर बोंब

रोजची_पीथमपूर
मंगळवार, रात्री १०:१०

मंडळी, आधी रडून घेते, मग विचारते.

इंदूरजवळच्या पीथमपूरला सुट्या भागांच्या एका कारखान्यात आहे. पाच महिन्यांपूर्वी प्रॉडक्शन प्लॅनिंगमधून उचलून मला रिपोर्टिंगला बसवलं. पात्रता काय, तर मला एक्सेलमधलं व्हीलुकअप येतं. टॅब्लो डेस्कटॉप, म्हणजे आकड्यांचे चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर, यूट्यूब बघून बघून शिकले आणि पाळीनिहाय रिजेक्शनचा डॅशबोर्ड बनवला. स्वतःच्या तोंडाने सांगते, छान झालाय.

शुक्रवारी सर्व्हर मेनूतून पब्लिश केला, म्हणजे सगळ्यांना बघता यावा म्हणून टॅब्लो सर्व्हरवर चढवला. काही कुरकुर न करता झाला. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांना लिंक मेल केली आणि बसमध्ये बसले. वाटेतलं राऊ यायच्या आत चार फोन.

क्वालिटीच्या साहेबांना लिंक उघडल्यावर डेटाबेसचं युजरनेम-पासवर्ड विचारतंय. त्यांच्याकडे ते नाही आणि असायचं कारणही नाही. स्टोअर्समध्ये रिजेक्शनच्या कारणांचा चार्ट उघडतो, पण आकडे शुक्रवारचेच. ते एक्सेल मी रोज सकाळी हाताने भरते, सोमवारीही भरलं होतं. तिसरा फोन प्लांट हेडचा: "मला परवानगी नाही असं दाखवतंय." सगळ्या प्लांटमध्ये फक्त त्यांनाच! आणि चौथा सगळ्यात वाईट. ओव्हरटाइमची शीट मी हाइड करून पब्लिश केली होती. एका ज्युनिअर इंजिनिअरने वर्कबुक, म्हणजे टॅब्लोची अख्खी फाइल, डाउनलोड केलं, स्वतःच्या डेस्कटॉपमध्ये उघडलं आणि कोणाला किती ओव्हरटाइम मिळाला ते कँटीनमध्ये वाचून दाखवलं.

माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं चालतं. आयटीवाले म्हणतात, "सर्व्हर तो चालू है मॅडम."

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर, एक्सेल झेड ड्राइव्हवर. टॅब्लो सर्व्हर आमच्याच इमारतीत आहे, क्लाउड नाही. डोकं चालेनासं झालंय.

मांडवीचा
मंगळवार, रात्री १०:२५

वाचतोय. आमच्याकडे बडोद्यात टॅब्लोऐवजी पॉवर बीआय आहे, पण रोग हाच. औषधाचं नाव तेवढं वेगळं, गेटवे म्हणतात.

जुना_होळकर
मंगळवार, रात्री ११:०५

ताई, टॅब्लो हा मूळचा फ्रेंच शब्द. इंग्रजीत झांकीला, चित्ररथाला तोच शब्द वापरतात. तुम्ही इंदूरच्या असाल तर अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या पाहिल्या असतीलच. हुकुमचंद, मालवा, राजकुमार. गिरण्यांना टाळं लागून जमाना झाला, पण झांकी निघते. माझे वडील मालवा मिलमध्ये होते, म्हणून लहानपणी झांकी बनताना आतून बघायला मिळायची. आवारात असताना सगळी वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. हनुमान हात हलवतोय, कारंजं उडतंय, दिवे पळतायत. मिरवणुकीच्या दिवशी मात्र भिंत बरोबर नेता येत नाही. मागे जनरेटरची गाडी जोडावी लागते, आणि ज्या वर्षी कोणी एक वायर विसरला त्या वर्षी हनुमानाचा हात जेल रोडवर वरच्या वर राहिला.

तुमचा लॅपटॉप म्हणजे ते आवार. तिथे डेटाबेसला जाताना तुमचं लॉगिन वापरलं जातं, झेड ड्राइव्ह तुमच्या विंडोजला जोडलेला आहे, फाँट तुमच्याकडे आहेत. पब्लिश केल्यानंतर डेटा आणायला तुम्ही जात नाही, सर्व्हर जातो. तो कोणत्या वाटेने जाणार आणि कोणाच्या नावाने दार वाजवणार, हे पब्लिशच्या खिडकीतच सांगावं लागतं. ती खिडकी आपण सगळे 'पुढे, पुढे' करत बंद करतो.

पासवर्डचं आधी. त्याच खिडकीत डेटा सोर्सेसपाशी एडिट आहे, त्यात ऑथेंटिकेशन. तिथे 'प्रॉम्प्ट युजर' राहिलंय, म्हणून प्रत्येक बघणाऱ्याला विचारतोय. 'एम्बेडेड पासवर्ड' करा. पण स्वतःचा पासवर्ड घालू नका. आयटीकडून फक्त वाचण्यापुरतं एक वेगळं खातं मागून घ्या. तुमचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलत असेल, तर दर तीन महिन्यांनी ही झांकी बंद पडेल.

एक्सेलचं. झेड ड्राइव्ह ही तुमच्या लॉगिनपुरती सोय आहे. सर्व्हरच्या मशीनवर झेड नावाचं काहीच नाही. तुमचे आकडे शुक्रवारवर थांबलेत याचा अर्थ 'इन्क्लूड एक्सटर्नल फाइल्स'वर टिक होती. पब्लिश करताना एक्सेलची एक प्रत सर्व्हरवर गेली. तुम्ही भरता ते मूळ एक्सेल, लोक बघतात ती शुक्रवारची प्रत. दोघांचा आता काही संबंध नाही.

उपाय: डेस्कटॉपमध्ये फाइल झेडमधून न जोडता नेटवर्कच्या पूर्ण पत्त्याने जोडा, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होतो तो. त्याला यूएनसी पाथ म्हणतात. मग टॅब्लो सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो, ज्याला ते 'रन ॲज' म्हणतात, त्या खात्याला त्या फोल्डरवर वाचायची परवानगी द्यायला सांगा. सर्व्हर लिनक्सवर असेल तर तो फोल्डर आधी सर्व्हरला जोडूनही घ्यावा लागतो, माउंट म्हणतात त्याला. आणि ती टिक काढा.

बाकीचे दोन उद्या. डोळे मिटतायत.

छप्पन_दुकानकर
मंगळवार, रात्री ११:२०

भिया, काकांनी झांकी काढली की धागा रात्रभर चालणार. कोणी खायला गराडू आणा.

रोजची_पीथमपूर
बुधवार, सकाळी ७:५०

बसमधून लिहितेय. काका, 'प्रॉम्प्ट युजर'च होतं! मी ते वाचलं होतं आणि मला वाटलं लोक सर्व्हरवर लॉगिन करतात तेच ते. आयटीला खात्यासाठी मेल टाकला.

एक शंका. डेटाबेसचं लाइव्ह ठेवू की एक्स्ट्रॅक्ट करू? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

पुण्यात_अडकलेला_इंदुरी
बुधवार, सकाळी ९:१५

एक्स्ट्रॅक्ट. डोळे झाकून.

लाइव्ह म्हणजे कोणी फिल्टर हलवला की क्वेरी तुमच्या प्रॉडक्शन डेटाबेसवर. सकाळच्या मीटिंगमध्ये वीस जणांनी एकदम उघडलं की लाइनवरची एंट्री मंदावणार आणि बोट तुमच्याकडे दाखवलं जाणार. एक्स्ट्रॅक्ट म्हणजे डेटाची घट्ट बांधलेली प्रत, हायपर फाइल. जुन्या टीडीई फाइलच्या जागी ती २०१८ मध्ये १०.५ आवृत्तीत आली आणि वेगात चांगलाच फरक पडला. बनवण्याआधी न वापरलेले कॉलम 'हाइड ऑल अनयूज्ड फील्ड्स'ने काढून टाका, फाइल निम्मी सुद्धा होऊ शकते. मग सर्व्हरवर रिफ्रेशचं शेड्यूल लावा.

आणि एक सवय आत्ताच लावून घ्या. डेटा सोर्स वर्कबुकच्या पोटात ठेवू नका, वेगळा पब्लिश करा. नर्मदेचं पाणी जलूदहून एकदाच पंप होऊन टाक्यांत येतं, तिथून घरोघरी. १९७८ पासून इंदुरात कोणी आपापली पाइपलाइन घेऊन जलूदला गेलेलं नाही. आमच्याकडे एका टेबलावर ४१ वर्कबुकं होती आणि ४१ रिफ्रेश. 'एकूण उत्पादन' चार ठिकाणी चार वेगळं. वेगळा सोर्स केला, भांडणं बंद.

जुना_होळकर
बुधवार, दुपारी १:३०

वेगळ्या सोर्सचं पटलं. 'डोळे झाकून एक्स्ट्रॅक्ट' नाही पटलं.

हा रिजेक्शनचा बोर्ड आहे. फोरमनला दहा मिनिटांपूर्वी काय बिघडलं ते बघायचं असेल तर रात्री दोनचा एक्स्ट्रॅक्ट त्याच्या काय कामाचा? आजच्या पाळीपुरतं लाइव्ह ठेवा, पण मूळ टेबलावर नको. आयटीकडून फक्त आजच्या ओळी देणारा एक छोटा व्ह्यू बनवून घ्या. महिन्याच्या आणि वर्षाच्या चार्टसाठी एक्स्ट्रॅक्ट. आधी बघणाऱ्याला विचारा किती ताजं हवंय, मग ठरवा.

पुण्यात_अडकलेला_इंदुरी
बुधवार, दुपारी १:४२

मान्य. मी विक्रीच्या आकड्यांवर काम करतो, तिथे कालचं चालतं. कारखान्याचा विचार केला नव्हता.

सराफ्यातली_रात्र
बुधवार, रात्री ११:५५

मी एका ठिकाणी टॅब्लोची सर्व्हर ॲडमिन आहे, त्यामुळे फोन तीन आणि चार माझ्या खात्यातले.

प्लांट हेडचं न बघता सांगते: ते दोन ग्रुपमध्ये आहेत आणि त्यातल्या एकाला तू 'डिनाइड' दिलं आहेस. टॅब्लोत परवानगीच्या तीन अवस्था असतात: अलाउड, डिनाइड आणि काहीच न दिलेली. माणूस दोन ग्रुपमध्ये असेल, एकाला अलाउड आणि दुसऱ्याला डिनाइड, तर डिनाइड जिंकतं. नवे लोक हमखास इथे अडकतात, कारण त्यांना वाटतं 'नको' म्हणायचं तर डिनाइड करावं लागतं. लागत नाही. काहीच दिलं नाही तरी दिसत नाहीच. मी गेल्या कित्येक महिन्यांत डिनाइडला हात लावलेला नाही.

व्यक्तीला थेट दिलेली परवानगी ग्रुपच्या वर चालते. त्यामुळे प्लांट हेडना नावाने अलाउड देऊन दोन मिनिटांत सुटशील. ते करू नकोस. सहा महिन्यांनी असे तीस अपवाद होतात आणि कोणाला काय दिसतं हे देवालाही सांगता येत नाही.

प्रोजेक्ट म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर. डिफॉल्ट प्रोजेक्टमध्ये 'ऑल युजर्स' ग्रुपला परवानग्या आधीच दिलेल्या असतात, त्या काढ. स्वतःचा प्रोजेक्ट कर, परवानग्या प्रोजेक्टवर ठरव आणि त्याला लॉक लाव. मग आत कोणीही काहीही पब्लिश केलं तरी नियम एकच.

आता ओव्हरटाइम. हाइड करणं म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. पब्लिश करताना यादीतून शीट काढलीस तरी ती फक्त सर्व्हरवर दिसत नाही, वर्कबुकमध्ये असतेच. ज्याला 'डाउनलोड वर्कबुक, सेव्ह अ कॉपी'ची परवानगी आहे तो अनहाइड करणार. वेब एडिटची परवानगी असेल तर डाउनलोडचीही गरज नाही. त्यात तुझं एक्सेल आतच गेलेलं, म्हणजे डाउनलोड होऊन जी टीडब्ल्यूबीएक्स फाइल येते तिचं शेपूट बदलून झिप केलं की एक्सेल जसंच्या तसं बाहेर.

त्यामुळे ओव्हरटाइम या वर्कबुकमध्ये असताच कामा नये. वेगळं वर्कबुक, वेगळा डेटा सोर्स, वेगळा प्रोजेक्ट, मोजकी माणसं. नुसतं बघणाऱ्यांना व्ह्यूअर रोल ठेव. त्यांना चित्र, पीडीएफ, चार्टपुरते आकडे उतरवता येतात, वर्कबुक नाही.

पुढे युजर फिल्टर लावशील तेव्हा अजून एक गोष्ट छळेल, ती आत्ताच सांगून ठेवते. ज्याने त्याने आपापल्या लाइनचंच बघावं म्हणून फिल्टर लावतात आणि सगळे विसरतात ती थंबनेल. ते छोटं चित्र पब्लिश करणाऱ्याच्या नजरेतून बनतं आणि यादीत सगळ्यांना दिसतं. पब्लिशच्या खिडकीत 'जनरेट थंबनेल्स ॲज युजर' आहे, तिथे ज्याला कमीत कमी दिसतं असा युजर निवड.

त्या ज्युनिअरवर चिडू नकोस. त्याने दार तोडलं नाही, दार होतंच कुठे.

रोजची_पीथमपूर
गुरुवार, सकाळी ७:४५

सराफा ताई, दंडवत. प्लांट हेड 'ऑडिट' ग्रुपमध्येसुद्धा आहेत आणि ऑडिटवाल्यांना मी हौसेने डिनाइड दिलं होतं. काढलं. त्यांना दिसलं, आणि पहिली कॉमेंट "रंग जरा डार्क कर".

ओव्हरटाइम वेगळं करते. पण पुन्हा पब्लिश केल्यावर लिंक बदलेल का? मेल सगळ्यांना गेलाय. आणि काही बिघडलं तर जुनं परत मिळतं का?

मालवमाती
गुरुवार, सकाळी १०:१०

त्याच नावाने, त्याच प्रोजेक्टमध्ये केलंत तर जुन्यावर लिहिलं जातं, लिंक तीच. जुन्या प्रती रिव्हिजन हिस्टरीत सापडतात, सर्व्हरवर ठरलेली मर्यादा २५ ची. पण ताई, तुमच्या बाबतीत हेच धोक्याचं आहे. ओव्हरटाइमवाली जुनी प्रत तिथेही पडून राहील. ती रिव्हिजन आठवणीने डिलीट करा.

आता मीही थोडं रडून घेतो. मागच्या वर्षी आमच्या ऑफिसमधला एक जण सोडून गेला. भला माणूस, जाताना सगळ्यांना पोहे-जिलबी खाऊ घालून गेला. त्याच्या नावावर साठ वर्कबुकं. जो पब्लिश करतो तो मालक, हे तोवर आम्हाला फक्त ऐकून माहीत होतं. ॲडमिनने सगळ्यांची मालकी माझ्या नावावर केली. मालक बदलला की आत घातलेले पासवर्ड पुसले जातात. टॅब्लो बरोबरच वागतं, तुमचा पासवर्ड माझ्या हाती का द्यावा? पण आम्हाला ते माहीत नव्हतं. रिफ्रेश रात्री फेल, दुसऱ्या दिवशी फेल, असं लागोपाठ पाच वेळा झालं की सर्व्हर शेड्यूलच थांबवून टाकतो. त्यानंतर फेलचा मेलही बंद. आम्हाला वाटलं, मेल येत नाही म्हणजे गाडी रुळावर आली.

तिमाहीच्या मीटिंगमध्ये कळलं. सगळ्यांसमोर.

तेव्हापासून प्रत्येक डॅशबोर्डच्या कोपऱ्यात डेटाची शेवटची तारीख छापतो. 'शेवटचं अपडेट' टाकायला टॅब्लो देतं, पण मी डेटामधल्या सगळ्यात अलीकडच्या नोंदीची तारीख घेतो. रिफ्रेश यशस्वी होऊनही आत नवी ओळ न आल्याचे दिवस बघितलेत.

मांडवीचा
गुरुवार, सकाळी १०:३०

कोपऱ्यातल्या तारखेला +१. उचलतोय.

छप्पन_दुकानकर
गुरुवार, रात्री ९:४०

इतका वेळ चेष्टा केली, आता माझंही एक दुखणं. आमच्याकडे गेटवरची हजेरी कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमध्ये टाइप होते. बाबूजी तीस वर्षं तेच करून राहिलेत, बदलणार नाहीत. माझ्या मशीनवर टॅब्लोत कृतिदेव फाँट निवडला की नावं देवनागरीत दिसतात. सर्व्हरवर टाकलं की इंग्रजी अक्षरांचा भुसा. का भिया?

जुना_होळकर
गुरुवार, रात्री १०:१५

कारण तो भुसाच आहे. कृतिदेवमध्ये मजकूर इंग्रजी अक्षरांचाच साठवला जातो, फाँट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा घालतो. मुखवटा तुमच्या मशीनवर आहे, दुसरीकडे नाही. सर्व्हरवर कृतिदेव टाकायच्या भानगडीत पडू नका. टाकलात तरी शोध चालणार नाही, अकारविल्हे लावता येणार नाही, आणि मोबाइलवर बघणाऱ्याला पुन्हा भुसा. बाबूजींना टाइप करू द्या कृतिदेवमध्ये. फाइल आल्यावर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच टॅब्लोला जोडा. रकार आणि ऱ्हस्व वेलांटी नीट तपासा, बदलणारी साधनं तिथेच घसरतात.

रात्रपाळीवाला
शुक्रवार, पहाटे ५:५०

पीथमपूर ताई, मीही तिकडच्याच एका कारखान्यात. आमच्या बोर्डवर एक भूत होतं, तुमच्याकडेही निघेल म्हणून सांगतो. 'आजचं उत्पादन' रात्रभर व्यवस्थित, आणि पहाटे साडेपाच ते सहा कोरं. रोज. सहाला पहिली पाळी आली की तासाभरात पुन्हा भरायला लागायचं. आम्ही अर्ध्या तासाला कोण मोजतो म्हणून महिनोन्‌महिने सोडून दिलं.

एक्स्ट्रॅक्टवर 'टुडे' हे फंक्शन साइटच्या टाइमझोनप्रमाणे चालतं आणि तो मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असतो. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री बारानंतरही सर्व्हरचं 'आज' हे आपलं 'काल'. आमचा उत्पादनाचा दिवस सहा ते सहा, त्यामुळे तिसऱ्या पाळीचं काम आदल्या तारखेवरच पडतं. चूक आणि पद्धत एकमेकांवर तंतोतंत बसल्या होत्या. साडेपाचला सर्व्हरची तारीख पलटायची, पाळी संपायला अर्धा तास बाकी, बोर्ड कोरा.

आम्ही साइटच्या सेटिंगमध्ये टाइमझोन भारताचा केला, आणि उत्पादनाची तारीख 'आत्ता'मधून सहा तास वजा करून काढली. दोन्ही करावं लागतं. नुसता टाइमझोन बदललात तर बारा वाजताच कोरा होईल, मग खरी बोंब.

सराफ्यातली_रात्र
शुक्रवार, सकाळी ८:२०

वा. एवढी वर्षं ॲडमिन आहे, पण दोन चुका एकमेकींना झाकतात हे पहिल्यांदा ऐकलं.

रोजची_पीथमपूर
शनिवार, संध्याकाळी ६:३०

राजेंद्रनगरला घरी बसून निवांत लिहितेय.

वाचण्यापुरतं खातं मिळालं, तीन दिवस आणि दोन सह्या लागल्या. पासवर्डचा फोन बंद. एक्सेल पूर्ण पत्त्याने जोडलं. पहिल्यांदा तेही चाललं नाही, कारण आयटीने परवानगी माझ्या नावाला दिली होती, सर्व्हरच्या खात्याला नाही. काकांची झांकी त्यांना हिंदीत सांगितली तेव्हा हसले आणि लगेच करून दिलं. ओव्हरटाइम वेगळं झालं, जुन्या रिव्हिजन काढल्या, त्याआधी प्लांट हेडना झाला प्रकार स्वतःच सांगून टाकला. ओरडा मिळाला, पण जेवढा वाटला होता तेवढा नाही. कोपऱ्यात तारीख आली. आजच्या पाळीचं छोट्या व्ह्यूवर लाइव्ह, महिन्याचं एक्स्ट्रॅक्टवर. टाइमझोनची विनंती टाकून ठेवलीय.

एक शेपूट राहिलंय. क्वालिटीच्या साहेबांना रोज सकाळी मेलवर सबस्क्रिप्शन लावून दिलं. मशीनची नावं मी मराठीत टाकलीयत, युनिकोडमध्ये, कृतिदेव नाही! ब्राउझरमध्ये सुंदर दिसतात. मेलमधल्या चित्रात आणि पीडीएफमध्ये नुसते चौकोन. सर्व्हर लिनक्सवर आहे.

जुना_होळकर
शनिवार, संध्याकाळी ७:१०

ब्राउझरमध्ये अक्षरं तुमच्या मशीनच्या फाँटने उमटतात. मेलमधलं चित्र आणि पीडीएफ सर्व्हर स्वतः काढतो, आणि त्याच्याकडे देवनागरी फाँटच नाही. नोटो सान्स देवनागरी फुकट आहे, तो सर्व्हरवर टाकायला सांगा. टाकल्यावर टॅब्लो सर्व्हर रिस्टार्ट करायला लावा, नाहीतर चौकोन तसेच राहतील.

रोजची_पीथमपूर
शनिवार, संध्याकाळी ७:२५

विचारलं. रिस्टार्ट पुढच्या रविवारी दुपारी करणार म्हणाले. तोवर साहेबांना चौकोन.

छप्पन_दुकानकर
शनिवार, संध्याकाळी ७:३१

साहेबांना सांगा, रिजेक्ट झालेली मशीनं चौकोनात दाखवलीयत.